तारखेला या

आषाढाच्या पावसाने कृष्णेच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या म्हणजे वाईतल्या आमच्या संध्याकाळच्या बैठकी ओट्यावरून ओसरीवर येतात, आणि ओसरी नानांची असल्यामुळे त्या बैठकीचे कामकाजही नानांच्याच शिरस्त्याने चालते. दिवाणी न्यायालयात चौतीस वर्षे चाकरी करून नाझर ह्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या ह्या गृहस्थांच्या तोंडी दावा, जबाब, तहकुबी, बजावणी हे शब्द इतके मुरले आहेत की भाजीवालीने वांग्यांचा भाव दोन रुपयांनी उतरवला तरी ‘तडजोडनामा झाला’ असेच ते घरात येऊन सांगतात. बैठकीतल्या दुसऱ्या सभासद म्हणजे समोरच्या वाड्यातल्या अक्का. सरकारी रुग्णालयांतून परिचारिकेची उमेदवारी करून मेट्रन म्हणून सेवानिवृत्त झालेल्या ह्या बाईंचा स्वभाव असा की, समोरचा माणूस बोलू लागला की त्यांचे लक्ष त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या नखांकडे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे आणि जिना चढताना त्याला लागणाऱ्या धापेकडे अधिक असते. तिसरा मी. माझे काम ऐकण्याचे, आणि चहा आला की कप पुढे सरकवण्याचे.

त्या दिवशी विषय निघाला तो नानांच्या नातवावरून. हा मुलगा लॅब टेक्निशियनचे शिक्षण संपवून पुण्यातल्या एका रुग्णालयात उमेदवारी करतो. पाच आठवड्यांपूर्वी, ज्येष्ठाच्या आरंभी, एका रुग्णाचे रक्त काढून झाल्यावर सुईला टोपण बसवताना ती सुई हातमोज्यातून आरपार जाऊन त्याच्या डाव्या तर्जनीत घुसली. मोजा काढून पाहतो तो बोटाच्या पेरावर मोहरीएवढा रक्ताचा थेंब. त्याने साबणाने हात धुतला, वरिष्ठांस कळवले, आणि मग त्या रुग्णाच्या कागदावरची ओळ वाचली: हिपॅटायटिस सी, पॉझिटिव्ह. थेंब पुसला गेला त्याला पाच आठवडे झाले होते, आणि मुलगा आठ दिवसांची रजा घेऊन घरी आला होता, तो रजा कशासाठी घेतली हे कोणालाही न सांगता.

नानांनी मात्र त्याच्या पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढून आणली आणि ती अक्कांच्या पुढ्यात ठेवली. आत सात रिपोर्ट होते. अक्कांनी चष्मा लावला, रिपोर्ट तारीखवार लावले, आणि पत्ते पिसून झाल्यावर माणूस ज्या शांतपणे हात पाहतो तशा शांतपणे ते पाहू लागल्या.

“तुम्हीच सांगा, अक्का,” नाना म्हणाले, “सात साक्षीदार आले आणि सातांनीही एकच जबाब दिला, नॉन-रिॲक्टिव्ह! माझ्या सबंध नोकरीत सात साक्षीदारांचे जबाब इतके जुळलेले मी पाहिले नाहीत. जुळले असते तर आम्ही त्यांना पढवलेले समजलो असतो. आणि तरीही हा गृहस्थ रात्री दोन वाजता दिवा लावून बसतो. ह्याला आता कोणता पुरावा द्यावा?”

“साक्षीदार सात खरे, नाना, पण त्यांतल्या सहांना काही दिसण्याजोगेच नव्हते. त्यांना बोलावले अवेळी.”

“म्हणजे?”

“ही चाचणी विषाणूला शोधत नाही. विषाणू अंगात शिरल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती शोधते. ती रक्तात दिसण्याजोगी व्हायला बहुधा आठ ते अकरा आठवडे लागतात. एखाद्याला त्याहूनही अधिक. ह्याने चाचणी केली ती दहाव्या दिवशी, मग चौदाव्या, मग दर चार-पाच दिवसांनी. पहिला रिपोर्ट तेवढा कामाचा आहे. तो रुग्णालयाने अठ्ठेचाळीस तासांच्या आत घेतला, आणि त्याचा अर्थ एवढाच की सुई टोचण्याआधी ह्याच्या अंगात काही नव्हते. पुढचे सहा रिपोर्ट म्हणजे पदरच्या पैशाने विकत घेतलेले कोरे कागद. विषाणूचाच अंश शोधणारी दुसरी चाचणी असते, तिला दवाखान्यात व्हायरल लोड म्हणतात. ती तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान करायची आणि प्रतिद्रव्यांची शेवटची चाचणी चार ते सहा महिन्यांनी. रुग्णालयाने ह्याला ह्याच दोन तारखा लिहून दिल्या आहेत. हा काय कागद, फाइलीत सर्वांत खाली.”

तो कागद सर्वांत खाली होता हे मला त्या फाइलीतले सर्वांत बोलके लक्षण वाटले.

“मग माझेच म्हणणे शाबीत झाले,” नाना विजयाने म्हणाले. “रोगापेक्षा चाचणीचाच ताप अधिक. आमच्या वडिलांच्या वेळी कावीळ झाली तर ती डोळ्यांत दिसे. न दिसणाऱ्या रोगाची नोटीस घेऊन कोणी दारात उभे राहत नसे. गळ्यात काविळीची माळ घालीत. ती दिवसागणिक लांबत खाली उतरली की कावीळ उतरली. वैदूने मंत्र म्हणून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले की पाणी पिवळेधमक होई, आणि मनुष्य समाधानाने घरी जाऊन मुगाचे कढण पिऊन झोपे. चाचणी म्हणावी तर ती!”

“त्या पाण्यात तुमचे हात धुतले असते तरी ते पिवळे झाले असते. वैदू आधी हाताला काय चोळतो ते पाहिले होते का कधी?” अक्का हसल्या. “आणि माळेचे श्रेय माळेला देऊ नका. पाण्यातून येणारी कावीळ, ए काय आणि ई काय, बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपली आपणच जाते. गर्भार बाईला ई झाली तर मात्र माळ आणि मंत्र पाहत बसू नये. १९५५ च्या अखेरीस दिल्लीच्या नळांत मैलापाणी शिरले आणि हजारो लोक पिवळे पडले, ती ईचीच साथ होती हे पुष्कळ वर्षांनी साठवलेल्या रक्तावरून कळले. सीचे तसे नाही. ती रक्तावाटे येते आणि बहुतेकांचे डोळे पिवळे करीतच नाही. शंभरांतल्या तीसएक जणांचे शरीर सहा महिन्यांत तिला हुसकून लावते. उरलेल्यांच्या यकृतात ती वीस-वीस, तीस-तीस वर्षे बिनतक्रार राहते, आणि त्यांतल्या काहींचे यकृत तेवढ्या काळात निबर होऊन जाते. ताप नाही, दुखणे नाही, थोडा थकवा. तो तर वयालाही येतो.”

नानांनी ह्यावर काही उत्तर दिले नाही. ते एरवी उत्तर दिल्यावाचून राहत नाहीत, हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवे होते.

मुलगा तोवर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. अक्कांनी त्याला जवळ बोलावले, बोट पाहायला मागितले. बोटावर अर्थातच काही नव्हते. “अरे, पोकळ सुई असली तरी अशा टोचण्यातून सी होण्याचा संभव फार थोडा आहे. आमच्या जुन्या पुस्तकांत शंभरांत सुमारे दोन असा आकडा असे. अलीकडे मोठ्या संख्येने नोंदी पाहिल्यावर तो हजारांत दोन इतका उतरला आहे.”

“आजी, मला तो आकडा पाठ आहे,” मुलगा म्हणाला.

“पाठ असून काय उपयोग?” नाना मध्येच म्हणाले. “हजार घरांच्या गावात आज रात्री दोन घरांना आग लागणार आहे अशी दवंडी पिटवा, आणि मग नऊशे अठ्ठ्याण्णव घरे स्वस्थ झोपतात का ते पाहा!”

इथे, माझ्या मते, नानांची सरशी झाली. आकडा हा कारभार करणाऱ्याच्या उपयोगी पडतो. कोणत्या रुग्णालयात किती औषध पाठवावे, कोणत्या गावी आधी जावे, हे त्यावरून ठरते. अंथरुणावर कूस बदलणाऱ्या मनुष्याला हजार अंगे नसतात, एकच असते, आणि त्याच्या लेखी संभव एक तर शून्य असतो, नाही तर पुरा. अक्कांसारख्या अनुभवी बाईंनी आकड्याने धीर द्यावा ह्याचे मला थोडे आश्चर्यच वाटले. परंतु रुग्णालयात आयुष्य गेलेल्या माणसांच्या हातून ही चूक वारंवार होते, कारण त्यांनी ते नऊशे अठ्ठ्याण्णव लोक प्रत्यक्ष पाहिलेले असतात.

अक्कांनाही ते जाणवले असावे. त्यांनी आकडा सोडला आणि निराळेच विचारले: “रिपोर्ट हातात आला की कसे वाटते?”

“बरे वाटते. संध्याकाळपर्यंत.”

“आणि मग?”

“मग वाटते, नमुन्यांची अदलाबदल तर झाली नसेल? चिठ्ठी चुकीची चिकटवली तर? मी स्वतः रोज चिठ्ठ्या चिकटवतो, आजी, मला ठाऊक आहे ते कसे चुकू शकते. मग मोबाइलचा दिवा लावून आरशात डोळे बघतो. बरगडीखाली दाबून बघतो. दाबून दाबून तिथे आता खरेच दुखते. ताईची चिमी मांडीवर येऊन बसली की तिला खाली उतरवतो. आई विचारते, तू वेगळे ताट का घेतोस?”

हे सांगताना त्याचा उजवा अंगठा डाव्या तर्जनीचे पेर सारखा चोळत होता, आणि हे आपण करतो आहोत ह्याची त्याला दादही नव्हती.

“ताट वेगळे घ्यायचे कारण नाही,” अक्का ठामपणे म्हणाल्या. “चिमीला मांडीवर घे. जेवण्याने, शिवण्याने, खोकल्याने, एका पेल्यातून पाणी पिण्याने ही जात नाही. वस्तरा, ब्लेड, नेलकटर, दातांचा ब्रश, ज्याला रक्त लागू शकते ते तेवढे स्वतःचे ठेव. आणि शेवटची चाचणी होईपर्यंत रक्तदान करू नकोस. झाले तुझे पथ्य. पुस्तकात ह्याहून अधिक नाही.”

“पण काही करता येत नाही ना!” मुलगा एकदम म्हणाला. “बीची लस असते, ती मी घेतली आहे. एचआयव्हीचा धोका असता तर महिनाभर गोळ्या दिल्या असत्या. सीला लसही नाही आणि टोचल्यावर लगेच घ्यायचे औषधही नाही. नुसते थांबायचे.”

ह्या नुसत्या थांबण्यात किती काय साठलेले असते! हाताला काही काम नसले म्हणजे हात चाचणीकडे धावतात. कारण चाचणी ही निदान कृती तरी असते, पैसे मोजावे लागतात, शीर शोधावी लागते, पावती मिळते. मनुष्य पावतीवर फार विश्वास ठेवतो.

नानांनी इतका वेळ पानाचा डबा बंदच ठेवला होता. तो आता त्यांनी उघडला, सुपारी कातरता कातरता नातवाकडे न पाहता बोलू लागले, आणि त्यांचा आवाज मघापेक्षा बराच खाली आला होता.

“मी नुकताच कारकून झालो होतो. फलटणकडचा एक पक्षकार होता, बांधाचा दावा. तारीख दोन महिन्यांवरची असली तरी हा दर सोमवारी एसटीने यायचा. यायचा, कोटाच्या खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवायचा, आणि विचारायचा, ‘रावसाहेब, माझं काही लागलं का?’ मी म्हणे, नाही लागलं. मग तो फळीवर ठेवलेले आपल्या दाव्याचे बस्ते लांबून पाहून घेई आणि शांत होऊन स्टँडकडे जाई. पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. एकदा मी चिडलो. ओरडलो, ‘तारखेला या!’ आमचे शिरस्तेदार ते ऐकत होते. त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, ‘तारीख त्याला तोंडी सांगितलीस की लिहून दिलीस?’ मी म्हटले, तोंडी. ते म्हणाले, ‘मग तो येणारच. एक चिठ्ठी घे, तारीख लिही, शिक्का मार, आणि त्याच्या हातात दे.’ शिक्क्याची काही गरज नव्हती, कायद्यात तशी तरतूदही नव्हती. पण मी दिली. तो ती चिठ्ठी टोपीच्या घडीत घालून गेला, आणि त्यानंतर तारखेलाच आला.”

“निकाल काय लागला?” मी विचारले.

“ते आता आठवत नाही,” नाना म्हणाले. “बहुधा हरला.”

मग त्यांनी नातवाला आत पाठवून भिंतीवरचे कालनिर्णय मागवले, कोटाच्या खिशातले लाल शाईचे पेन काढले, आणि रुग्णालयाच्या कागदावरून दोन तारखा उतरवून घेतल्या: एक त्याच आठवड्याच्या शेवटची, व्हायरल लोडची, दुसरी मार्गशीर्षातली. दोहोंभोवती त्यांनी वर्तुळे काढली. “ह्या दोन तारखांच्या मधल्या दिवशी कोणत्याही लॅबच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. शंका आली तर ती तहकूब. कशापर्यंत तहकूब, ते इथे लिहिले आहे. रात्री आली तर तिला हेच सांगायचे.”

“आणि एवढे करूनही झोप आली नाही,” अक्कांनी पुरवणी जोडली, “तर मनाच्या डॉक्टरांकडे जायचे. यकृताच्या डॉक्टरांकडे जातो तसेच, दिवसाढवळ्या.”

मुलाने कालनिर्णय हातात घेतले आणि तो बराच वेळ मार्गशीर्षाचे पान पाहत राहिला. प्रकरण इथे संपते असे मला वाटले होते. पावसानेही जरा उसंत घेतली होती. अक्का उठल्या, पदर सावरला, आणि पायरीवरून वळून अगदी सहज विचारावे तसे म्हणाल्या:

“आणि तुमची तारीख कुठली, नाना?”

नाना काहीच बोलले नाहीत.

“१९८८ साली खंबाटकी घाटात एसटी उलटली, तेव्हा तुम्हाला रक्त दिले होते. वहिनींनी मला सांगितले होते. दोन बाटल्या.”

“वहिनींना जाऊन आठ वर्षे झाली.”

“म्हणून तर आता मला विचारावे लागते.”

वाचकांच्या माहितीसाठी सांगायचे तर, रक्त घेतल्यानंतर होणाऱ्या बहुतेक काविळीत ए नाही आणि बीही नाही, तिसराच कोणी आहे, हे १९७५ साली अमेरिकेत हार्वे ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. पुढची चौदा वर्षे ह्या रोगाला ‘ए नव्हे, बी नव्हे’ असे निव्वळ नकारार्थी नाव होते. मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषाणू ओळखला तो १९८९ साली. ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस ह्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते २०२० साली. अक्कांनी हे सारे दोन वाक्यांत सांगितले आणि म्हणाल्या, “तेव्हा तुमच्या त्या बाटल्या तपासायच्या असे कोणाच्या मनात असते तरी तपासणार कशाने? दोष कोणाचाच नाही. पण प्रश्न आहे.”

“अनोळखी इसम,” नाना पुटपुटले. मग नेहमीचा सूर लावण्याचा प्रयत्न करीत म्हणाले, “अक्का, बारा वर्षे बिनहरकत कब्जा असला की कायदा जमीन कब्जेदाराची मानतो. ह्या शरीरावर माझा तीन तपांहून अधिक वहिवाटीचा कब्जा आहे. आता कोण दावा लावणार?”

“यकृताला मुदतीचा कायदा ठाऊक नाही. उलट ज्यांना तीन तपे झाली त्यांनीच आधी यावे असे आम्ही म्हणतो.”

“मी पंचाहत्तरीचा झालो. आणखी किती दिवस? ह्या वयात पांढऱ्या काविळीचा शिक्का कपाळी मारून घ्यायचा, सुनेने पेला बाजूला ठेवायचा, आणि मुलाने औषधापायी जमीन विकायची!”

“पेल्याचे मघाशीच सांगून झाले, तुमच्या देखतच. जमिनीचे म्हणाल तर तेही राहिले नाही. आमच्या वेळी इंटरफेरॉनची इंजेक्शने होती. सहा महिने, वर्षभर घ्यायची, दर सुईला ताप, मन खचायचे, आणि बरे व्हायचे ते निम्मेशिम्मे. नवे औषध अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरात आले तेव्हा एका गोळीला हजार डॉलर पडत. बारा आठवड्यांच्या चौऱ्याऐंशी गोळ्या, चौऱ्याऐंशी हजार डॉलर. पुढे आपल्याकडच्या कारखान्यांना ते करण्याचा परवाना मिळाला आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ पासून सरकारचा कार्यक्रमच आहे; जिल्हा रुग्णालयातून तपासणी फुकट आणि गोळ्याही फुकट. शंभरांतले पंच्याण्णव बरे होतात. आकडा नको म्हणत असाल तर नको. एवढेच ऐका की गोळी सकाळी चहाबरोबर घेता येते.”

हे सारे निरुत्तर करणारे होते, आणि नाना निरुत्तर झालेही. परंतु निरुत्तर होणे आणि पटणे ह्यांत अंतर असते. न्यायालयात ज्याने आयुष्य काढले त्याला ते ठाऊक असणारच. सुपारीचे खांड अडकित्त्यात तसेच धरून ते बराच वेळ बसले. मग म्हणाले:

“१९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. कॉमन कॉज संस्थेची याचिका. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत दोन वर्षांत बंद करा, रक्तपेढ्यांना परवाने सक्तीचे करा. मी तो निकाल पुरा वाचला, दुसऱ्याचे काम म्हणून नव्हे. त्या दिवसापासून मला ठाऊक आहे, अक्का. मी अडाणी नाही.”

“मग?”

“१९९४ साली, गणेशोत्सवात, आपल्याच आळीत रक्तदान शिबिर झाले होते. कोणीतरी मला दिले म्हणून मी वाचलो. तेव्हा आपणही द्यावे, असे वाटले. मी दिले. एक बाटली. प्रमाणपत्र आत भिंतीवर आहे.” ते थांबले. “माझ्यात काही नाही असे मी धरून चाललो आहे तोवर ती बाटली चांगली आहे. माझा कागद लाल शाईचा निघाला, तर ती बाटली कोणाला गेली, हे मी कोणाला विचारू?”

मला वाटले होते की नाना मृत्यूला भितात, किंवा सुनेच्या पेल्याला. इतकी वर्षे त्यांच्या ओसरीवर बसून मी त्यांना एवढेच ओळखले होते.

अक्का पायरीवरून परत वर आल्या आणि खाली बसल्या. त्यांनी सांत्वनाचा एकही शब्द उच्चारला नाही. त्या म्हणाल्या, “मी शिकत होते तेव्हा सिरिंज काचेची असे. स्टीलच्या डब्यात वीस मिनिटे उकळायची, चिमट्याने उचलायची. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची आणि पुन्हा उकळायच्या. नियम तसा होता. पण बाहेर दीडशे माणसांची रांग आणि डब्यात सहा सिरिंजा असल्या म्हणजे वीस मिनिटांची दहा होत, दहाची पाच. कधी सुई बदलत असू आणि सिरिंज तीच. मी केले आहे हे, नाना, ह्याच हातांनी. इजिप्तमध्ये तर सरकारनेच गोगलगायींवाटे होणाऱ्या रोगाविरुद्ध १९५० च्या दशकापासून सुमारे तीस वर्षे गावोगाव इंजेक्शने दिली, चांगल्या हेतूने, आणि त्या सुयांनी सी घरोघर नेली. ती कोणाला कोणी दिली हे शोधून काढणे शक्यच नव्हते. शेवटी त्यांनी २०१८ साली मांडव घातले आणि सहा-सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांचे रक्त तपासले. ज्यांना सापडली त्यांना गोळ्या दिल्या. मी ते वाचले तेव्हा मला माझी ती रांग आठवली. माझ्या रांगेतल्या एकालाही मी आता शोधू शकत नाही.”

“मग तुम्ही काय करता?”

“ज्यांना शोधू शकते त्यांना विचारते, तुमची तारीख कुठली.”

ह्यावर नानांनी वाद घातला नाही, आणि होकारही दिला नाही. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. नातू आतून छत्री घेऊन अक्कांना पोहोचवायला निघाला. जाताना त्याने एका हाताने चिमीला उचलून कडेवर घेतले होते, हे मी पाहिले आणि नानांनीही पाहिले.

सोमवारी सकाळी सातच्या एसटीने आम्ही तिघे साताऱ्याला सिव्हिलमध्ये गेलो. नानांनी धोतर, कोट आणि टोपी असा न्यायालयात जाण्याचा पोशाख केला होता, आणि बरोबर १९८८ चे पिवळे पडलेले डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेतले होते. खिडकीवरच्या मुलीने ते पाहिलेही नाही. नाव, वय आणि मोबाइल नंबर एवढेच विचारले. रक्त काढायला दोन मिनिटे लागली. दुपारी कागद मिळाला. त्यावरचा शब्द नानांनी चष्म्यातून वाचला, मग चष्मा काढून पुन्हा वाचला, आणि कागद अक्कांच्या हाती दिला. रिॲक्टिव्ह.

“हुकूमनामा?” त्यांनी विचारले.

“नाही. समन्स. तो कधी तरी येऊन गेला एवढेच ह्यावरून कळते. अजून आहे की हुसकला गेला ते कळत नाही. प्रतिद्रव्ये जन्मभर राहू शकतात. आता व्हायरल लोड.”

त्याचे रक्त त्याच दिवशी दिले. नातवाचा सहाव्या आठवड्याचा व्हायरल लोड त्यानंतर दोन दिवसांनी आला, विषाणू आढळला नाही. त्याची मार्गशीर्षातली तारीख अजून बाकी आहे, आणि मध्ये त्याने कुठे चाचणी केलेली नाही असे त्याची आई सांगते. १९९४ चे प्रमाणपत्र भिंतीवर होते तिथेच आहे. ह्या शतकापूर्वी ज्यांना रक्त चढवले गेले, किंवा ज्यांनी उकळलेल्या सुयांची इंजेक्शने घेतली, असे पुष्कळ वाचक हे वाचत असतील. त्यांनी जिल्हा रुग्णालयात एकदा जावे, एवढी अक्कांची त्यांना विनंती आहे आणि ती मी इथे नमूद करतो. नानांचा अहवाल यायला आठ दिवस लागतील असे खिडकीवर सांगितले होते. आज सहावा दिवस आहे. कालनिर्णयावर त्या तारखेभोवती लाल शाईचे वर्तुळ आहे, आणि मधल्या दिवसांत त्यांनी एकदाही सिव्हिलला फोन केलेला नाही.